बॉस्टनचं १०४.१ आणि मालकाला माघार घ्यायला लावणारा संप

१९७९ च्या फेब्रुवारीत बॉस्टनच्या एका रॉक रेडिओ स्टेशनला नवा मालक मिळाला आणि आल्या आल्या त्याने १९ जणांना घरी बसवलं. युनियनला मानायचंच नाही असं ठरवूनच आला होता तो. मग जे उरले होते तेही सगळे उठून बाहेर आले, म्हणजे माइकवर बसणारे तर आलेच पण जाहिराती विकणारे सेल्सवालेसुद्धा आले. मला या गोष्टीचं फार वाटतं, कारण धंद्यात पैसा आणणारी माणसं सहसा मालकाकडे बघून वागतात. इथे डीजे, ऑफिसवाले, सेल्सवाले सगळे एकाच युनियनमध्ये होते, आणि ती युनियन कुठली तर कारखान्यातल्या इलेक्ट्रिकल कामगारांची, यूई!

स्टेशनचं नाव डब्ल्यूबीसीएन, एफएमवर १०४.१ ला लागायचं. मी इकडे बॉस्टनजवळ राहायला आले तेव्हा ते चालू होतं, पण उतरणीला लागलेलं. ऑफिसातले जुने लोक त्याच्याबद्दल ज्या आपुलकीने बोलायचे ते ऐकून मी हळूहळू सगळा इतिहास वाचत गेले आणि आता मला तो कोणालातरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

बीसीएन म्हणजे बॉस्टन कॉन्सर्ट नेटवर्क. मुळात ते पाश्चात्य शास्त्रीय संगीताचं एफएम स्टेशन होतं आणि पैशांची कायम ओढाताण. त्या काळात गर्दी सगळी एएमवर, म्हणजे मीडियम वेव्हवर असायची, तीन मिनिटांची हिट गाणी, भरभर बोलणारे निवेदक आणि मधेमधे जाहिरातींचा मारा. एफएमला आवाज कितीतरी स्वच्छ, स्टिरिओ, पण ऐकणारे कमी, त्यामुळे तिथे काहीतरी वेगळं करून बघायला जागा होती. रे रीपेन नावाच्या माणसाने हे बरोबर हेरलं. तो वकील, कॅन्सस सिटीहून आलेला, आणि बॉस्टन टी पार्टी हा रॉकचा क्लब चालवायचा. क्लबला येणारी कॉलेजची पोरं जे एलपी, म्हणजे आख्ख्या अल्बमच्या रेकॉर्ड, विकत घेतात ते रेडिओवर कुठेच लागत नाही, मग आपणच लावू, असा त्याचा सरळ हिशोब. स्टेशनच्या तेव्हाच्या मालकाला पटवून त्याने रात्रीची वेळ मिळवली आणि १५ मार्च १९६८ च्या रात्री शास्त्रीय संगीत संपल्यावर क्रीम या ब्रिटिश बँडचं गाणं लागलं. सुरुवातीला काही कार्यक्रम तर त्या क्लबच्याच मागच्या खोलीतून व्हायचे. दोन-तीन महिन्यांत स्टेशन पूर्ण वेळ रॉक झालं. रात्रीचा एक डीजे होता पीटर वुल्फ, जो पुढे जे. गाइल्स बँडचा गायक म्हणून गाजला.

आता काम कसं चालायचं ते सांगते, कारण खरी गंमत तिथेच आहे. समोर दोन टर्नटेबल. एकावर गाणं चालू असताना डीजे दुसऱ्यावर पुढची रेकॉर्ड ठेवणार, हेडफोन कानाला लावून गाण्याचा पहिला सूर कुठे आहे तो शोधणार, मग रेकॉर्ड हाताने थोडी मागे फिरवून धरून ठेवणार आणि आधीचं गाणं विरत आलं की सोडणार. मधे शांततेचा एक क्षणही नाही. अशी तीन-चार गाणी एकामागून एक, त्यांच्यात सुराचं किंवा विषयाचं काहीतरी नातं, आणि मग शेवटी शांत आवाजात नावं. जाहिराती कार्टवर असायच्या, म्हणजे टेपची छोटी डबी, वाजून झाली की टेप आपोआप परत सुरुवातीला येऊन थांबते. आणि काय वाजवायचं हे जो खुर्चीत बसलाय तोच ठरवणार, वरून आलेली यादी नाही. या एका गोष्टीवर ते स्टेशन उभं होतं असं माझं स्पष्ट मत आहे.

गाण्यांपलीकडेही बरंच होतं. लिसनर लाइन म्हणून एक फोन होता, त्यावर लोक काहीही विचारायचे, राहायला जागा, न्यूयॉर्कला जाणारी गाडी, काहीही, आणि स्वयंसेवक बसून उत्तरं द्यायचे. बातम्या डॅनी शेक्टर द्यायचा, स्वतःला न्यूज डिसेक्टर म्हणवायचा, व्हिएतनाम युद्धाबद्दल सरकार जे सांगतंय त्याची चिरफाड करून सांगायचा, गाण्यांच्या मधे, एका कमर्शियल स्टेशनवर! आपल्याकडे खाजगी एफएम २००१ मध्ये आलं पण स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी त्यांना अजून नाही, त्यामुळे मला हे वाचताना खरंच हेवा वाटला.

गावातल्या बँडना तर या स्टेशनने अक्षरशः हात धरून वर आणलं. मॅक्सॅन सार्टोरी ही डीजे एरोस्मिथच्या मागे सुरुवातीपासून उभी होती. १९७७ मध्ये द कार्सचा अल्बम नव्हता, रेकॉर्ड कंपनी नव्हती, नुसती डेमो टेप होती, ती तिने लावली, परत परत लावली, लोक फोन करून मागायला लागले आणि मग इलेक्ट्रा या रेकॉर्ड कंपनीने त्यांना साइन केलं. १९७९ पासून रंबल नावाची स्थानिक बँडची स्पर्धा सुरू झाली. १९८३ ला ती टिल ट्यूजडेने जिंकली, एमी मॅनचा बँड.

हे सगळं सांगितलं कारण त्याशिवाय संप कळत नाही. तेव्हा स्टुडिओ प्रुडेन्शियल टॉवरच्या ५० व्या मजल्यावर होता आणि संपकरी खाली, बॉस्टनच्या फेब्रुवारीच्या थंडीत, फलक घेऊन. मालकाने वर बदली माणसं बसवली होती, स्टेशन तांत्रिकदृष्ट्या चालू होतं, गाणीही वाजत होती. पण ऐकणारे चिडले, श्रोते येऊन उभे राहिले, बँडवाल्यांनी मदतीसाठी कार्यक्रम केले आणि जाहिरातदारांनी जाहिराती काढून घ्यायला सुरुवात केली. साधारण तीन आठवड्यांत मालकाने हात टेकले आणि काढलेल्यांना परत घेतलं. ज्यांनी जाहिराती विकल्या होत्या तेच खाली उभे असल्यावर दुकानदार तरी कोणाचं ऐकणार?

पुढे त्या नव्या मालकाची कंपनी, इन्फिनिटी, खूप मोठी झाली. १९९६ च्या टेलिकम्युनिकेशन्स कायद्याने एका कंपनीने देशभरात किती रेडिओ स्टेशनं घ्यावीत यावरची मर्यादाच काढून टाकली आणि मोठ्या शहरात एकाच मालकाला आठपर्यंत स्टेशनं ठेवता यायला लागली. त्याच वर्षी सकाळची वेळ न्यूयॉर्कहून येणाऱ्या हॉवर्ड स्टर्नच्या टॉक शोला गेली आणि वर्षानुवर्षं बॉस्टनला उठवणारा चार्ल्स लाक्विडारा त्याच कंपनीच्या दुसऱ्या स्टेशनवर, डब्ल्यूझेडएलएक्सला हलला. धंदा म्हणून स्टर्न जोरात चालला, ते मान्यच करायला हवं. पण २००५ च्या शेवटी तो सॅटेलाइट रेडिओवर निघून गेला आणि मागे सकाळी ऐकायला स्वतःचं असं फार काही उरलं नव्हतं. तोवर मालकी सीबीएस या मोठ्या प्रसारण कंपनीकडे. ऑगस्ट २००९ मध्ये त्यांनी ९८.५ वर खेळांचं स्टेशन काढलं, तिथलं पॉप स्टेशन १०४.१ वर आणलं आणि बीसीएन एफएमवरून गेलं. शेवटचं गाणं पिंक फ्लॉइडचं होतं.

लोक म्हणतात इंटरनेटने रेडिओ मारला. असेल, पण बॉस्टनमध्ये तरी मला क्रम उलटा दिसतो, आधी खुर्चीतल्या माणसाकडून निवड काढून घेतली आणि मग ऐकणारे गेले. रंबल मात्र बीसीएन गेल्यावरही चालू राहिली, कारण ती चालवणाऱ्यांनी आणि त्यात वाजवणाऱ्या बँडनी ती सोडली नाही.