कादेशचा तह वहीत दोन रकाने करून वाचला, माझा अनुभव

इजिप्तमधल्या अबू सिम्बेलच्या मोठ्या देवळात शिरलं की उजव्या हाताची अख्खी भिंत कादेशच्या लढाईची आहे, म्हणजे सीरियातल्या कादेश शहरापाशी इजिप्तचा राजा रामसेस दुसरा आणि हिटाइट (आजच्या तुर्कस्तानातलं तेव्हाचं मोठं राज्य) यांच्यात झालेली. त्यात एका कोपऱ्यात दोन हिटाइट हेरांना धरून काठ्यांनी बडवतायत, मी तिथेच खिळून राहिलो. त्याआधी दोन शासू भटक्यांनी रामसेसला थाप मारलेली की हिटाइट राजा अजून लांब अलेप्पोकडे आहे, आणि हा त्यावर विसंबून अमून देवाच्या नावाची एक तुकडी घेऊन पुढे आला, बाकीच्या तीन मागे, आणि मग मार खाल्लेल्या या दोघांनी सांगितलं की हिटाइट राजा मुवातल्ली कादेशच्या मागेच दबा धरून बसलाय. इ.स.पू. १२७४ च्या आसपासची गोष्ट. भिंतीवर रामसेस एकटा सगळ्यांना लोळवतो, पण कादेश शेवटी हिटाइटांकडेच राहिलं.

घरी आल्यावर ठरवलं, पंधराएक वर्षांनी रामसेस आणि मुवातल्लीचा भाऊ हत्तुसिली (तेव्हाचा हिटाइट राजा) यांच्यात जो तह झाला (इ.स.पू. १२५९) तो नीट वाचायचा. वहीत दोन रकाने केले, डावीकडे इजिप्तमधल्या कर्नाकच्या देवळाच्या भिंतीवरचा मजकूर, उजवीकडे हिटाइटांच्या राजधानीत, हत्तुसाला, सापडलेल्या मातीच्या पाट्यांवरचा, दोन्हींची इंग्रजी भाषांतरं मिळतात. पहिला आठवडा नुसता गोंधळ. इजिप्तच्या भिंतीवर बोलतोय मात्र हत्तुसिली, आणि हिटाइटांच्या पाटीवर रामसेस, मला वाटलं माझेच रकाने उलटे झाले. मग डोक्यात प्रकाश पडला, दोघांनी आपापला मजकूर चांदीच्या पत्र्यावर कोरून दुसऱ्याकडे पाठवलेला, त्यामुळे ज्याच्या घरी जे सापडलं ते समोरच्याचं बोलणं. हे कळल्यावर पुढचं भराभर झालं.

एकमेकांवर चाल करायची नाही, तिसरा कोणी आला तर मदतीला जायचं, हे अपेक्षितच होतं. हद्द कुठे ते मात्र कुठेच लिहिलेलं नाही, मी तीनदा शोधलं! हत्तुसिलीनंतर त्याच्या मुलाला गादीवर बसवायला इजिप्तने मदत करायची, असंही कलम आहे, आणि ते का ते समजायला घरचं भांडण माहीत पाहिजे, कारण त्याने स्वतः पुतण्याला, उर्ही-तेशुबला, हटवून राज्य घेतलेलं आणि तो पुतण्या पळून इजिप्तच्या आश्रयाला गेलेला.

पण मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो ते पळून आलेल्यांच्या कलमापाशी. माणूस परत पाठवायचा, पण त्याचा गुन्हा उगाळायचा नाही, त्याचं घर, बायको, मुलं यांना हात लावायचा नाही, त्याला मारायचं नाही, डोळे, कान, तोंड, पाय यांना इजा करायची नाही. एकेक अवयव नाव घेऊन! राजांच्या तहात साध्या पळपुट्या माणसाच्या कानांची काळजी, मला खरंच भरून आलं.

शेवटी कर्नाकच्या मजकुरात चांदीच्या पत्र्यावरच्या शिक्क्यांचं वर्णन येतं, एका बाजूला देवाने राजाला कवेत घेतलंय, दुसऱ्या बाजूला देवीने राणी पुदुहेपाला. ते वाक्य मी दोन्ही रकान्यांच्या मधोमध लिहून ठेवलंय.