आपण ग्रुपचे नेमके कधी होतो?

फी भरली, व्हॉट्सॲप ग्रुपवर ॲड झालो की मेंबर झालो असं सगळे धरून चालतात, पण मला ते कधीच पटलेलं नाही. कित्येक जण वर्षानुवर्षं येतात, मागे बसतात, टाळ्या वाजवतात आणि घरी जातात, आणि एक दिवस यायचे थांबले तरी महिनाभर कुणाच्या लक्षात येत नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं.

नुसतं "आपले" आणि "त्यांचे" करायला माणसाला काही लागत नाही. १९७० च्या सुमारास हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने ब्रिस्टलमध्ये शाळकरी मुलांना क्ले आणि कँडिन्स्की या चित्रकारांची चित्रं दाखवली, आवडीवरून तुमचे दोन गट केलेत असं सांगितलं, खरं तर वाटणी रँडम होती. मग मुलांना इतरांमध्ये पैसे वाटायला लावले, त्यात स्वतःला काहीच मिळणार नव्हतं, आपल्या गटात कोण आहे हेही माहीत नव्हतं, तरी आपल्या गटाला झुकतं माप! आपल्या गटाला थोडं कमी मिळालं तरी चालेल पण समोरच्यांपेक्षा जास्त हवं, इथपर्यंत गेली मुलं. पण याला मी आपलेपणा म्हणणार नाही, तो नुसता शिक्का झाला.

मला जास्त पटतो तो मुझफ्फर शेरीफ यांचा १९५४ चा प्रयोग. ओक्लाहोमातल्या एका कॅम्पवर ११-१२ वर्षांची २२ मुलं, दोन टीम, स्पर्धा लावल्यावर एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत मजल गेली. मग सगळ्यांना एकत्र जेवायला बसवलं तर एकमेकांवर अन्न फेकायला लागली, म्हणजे नुसतं गेट-टुगेदर करून काही होत नाही हे तेव्हाच कळलं होतं. फरक कधी पडला, तर पाणी बंद झालं आणि ते कुठे अडलंय हे सगळ्यांना मिळून शोधावं लागलं, ट्रक बंद पडला आणि सगळ्यांनी दोर लावून ओढला (हे सगळं मुद्दाम घडवून आणलेलं होतं), असं हळूहळू होत शेवटी घरी जाताना मुलांनी एकाच बसने जायचं ठरवलं.

म्हणून मला वाटतं माणूस ग्रुपचा होतो तो काम अंगावर पडल्यावर. १९०५ मध्ये शिकागोत रोटरी सुरू झाली तेव्हा मीटिंग आळीपाळीने एकेकाच्या ऑफिसात व्हायची, नावसुद्धा त्यावरूनच पडलं, म्हणजे प्रत्येकावर कधी ना कधी यजमान व्हायची पाळी यायची. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसमध्ये मेंबर व्हायला दारू सोडायची इच्छा एवढीच अट, पण बऱ्याच ठिकाणी नवीन माणसाला लगेच खुर्च्या लावायला, कॉफी करायला सांगतात. किती शहाणपणाची गोष्ट आहे ही!

माझंही तेच झालं. ट्रेकिंग ग्रुपमध्ये खूप दिवस मी नुसता जात होतो, मग एकदा लीडर म्हणाला आज तू सगळ्यात मागे राहा, कुणी मागे सुटता कामा नये. त्या दिवशी पहिल्यांदा मला सगळ्यांची नावं पाठ झाली.

काही ठिकाणी नवख्याला आधी छळतात, त्याने ग्रुपची किंमत वाटते म्हणे. वाटतही असेल, पण अपमान करून मिळवलेली निष्ठा मला नको. त्यापेक्षा पहिल्याच भेटीत खरं काम द्या, जे त्याने केलं नाही तर अडेल असं. आमच्याकडे मी हे सुचवलंय, पुढच्या ट्रेकला फर्स्ट एडची बॅग नवीन आलेल्या दोघांकडे असणार आहे.