सेल्फने न धरणारी दीडशे : चोर चावीच्या स्विचमध्ये निघाला

माझी दीडशे सीसीची मोटारसायकल सेल्फने (बटण-स्टार्टने) चालू होत नव्हती, अखेर त्यामागचा चोर सापडला. मागच्या अपडेटपर्यंत प्लग, प्लगकॅप, सेल्फचा रिले (थोड्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच) आणि बॅटरी एवढं बदलून झालं होतं, तरी तक्रार तीच. किकने पहिल्या झटक्यात चालू. सेल्फने इंजिन जोरात फिरतं पण धरत नाही, आणि बटण सोडता सोडता एखाद्या वेळी पकडतं. उत्तर या शेवटच्या लक्षणातच होतं. बटण सोडलं की सेल्फचा लोड जातो, व्होल्टेज वर येतं आणि अजून फिरत असलेल्या इंजिनला तेवढ्यात स्पार्क मिळतो. म्हणजे कॉइल (ठिणगीचं मोठं व्होल्टेज तयार करणारी), पिकअप (ठिणगीच्या वेळेचा इशारा देणारा सेन्सर), प्लग सगळं ठीक. सेल्फ फिरताना सीडीआय (ठिणगीसाठी कॉइलला करंट देणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) उपाशी राहतो.

हा डीसी सीडीआय आहे. एसी सीडीआयच्या गाड्यांत मॅग्नेटोची (इंजिनबरोबर फिरणाऱ्या जनित्राची) एक्सायटर कॉइल थेट युनिटला करंट देते, तिथे बॅटरी मेली तरी किकने काम भागतं. इथे बॅटरीचे १२ व्होल्ट युनिटच्या आत चढवून त्यावर कॅपॅसिटर भरला जातो आणि पिकअपचा इशारा आला की तो कॉइलमध्ये रिकामा होतो. पुरवठा खचला की कॅपॅसिटर नीट भरतच नाही.

मापं अशी घेतली. प्लगकॅपमध्ये जादा प्लग बसवून त्याची बॉडी हेडला टेकवली (कॅप मोकळी ठेवून सेल्फ मारू नका, कॉइल आणि सीडीआय दोन्ही जाऊ शकतात). सेल्फ ४ सेकंद, मग अर्धा मिनिट विश्रांती. बॅटरीच्या टर्मिनलवर चावी चालू असताना १२.६, सेल्फ मारताना १०.४, बॅटरी उत्तम. सीडीआयच्या कपलरवर (वायरींच्या जोडावर) मागून पिन घालून मोजलं तर चावी चालू असताना ११.८ आणि सेल्फ मारताना ७.६! वाटेत २.८ व्होल्ट गायब.

मग बॅटरी ते सीडीआय या वाटेचे तुकडे पाडले. सेल्फ फिरत असताना मीटरचा लाल प्रोब तुकड्याच्या बॅटरीकडच्या टोकाला, काळा पुढच्या टोकाला. फ्यूज होल्डर ०.३, चावीचा स्विच २.१, किल स्विच (हँडलवरचा इंजिन बंद करायचा) ०.३, कपलर मिळून ०.१. बेरीज बरोबर जुळली, आणि या सगळ्या कामातला सर्वांत सुखाचा क्षण तोच होता.

मजा अशी की हाच स्विच आधी ‘पास’ झाला होता, कारण मीटरच्या बीपवर (वाट जोडलेली असली की वाजतो त्यावर) तपासला होता. बरेच मीटर ३०-५० ओहमपर्यंतही बिनदिक्कत वाजतात. इथे गोम जेमतेम ०.६ ओहमची. नुसत्या चावीला एखादा अँपिअर वाहतो तेव्हा स्विचवर ०.६ व्होल्ट पडतो, कुणाच्या लक्षात येत नाही. सेल्फचं बटण दाबलं की रिलेची कॉइल त्याच वाटेने आणखी अडीच अँपिअर ओढते आणि ड्रॉप (वाटेत गमावलेलं व्होल्टेज) साडेतीन पट होतो. म्हणून लोडवर मोजा, बीपवर विश्वास नको.

खात्रीसाठी सीडीआयची सप्लाय पिन कपलरमधून काढली आणि बॅटरीच्या प्लसवरून ५ अँपिअर फ्यूज लावलेली वायर थेट दिली. सेल्फने पहिल्याच फेरीत चालू. अशा जोडणीत चावी बंद करून इंजिन थांबत नाही, वायरच काढावी लागते, हे ध्यानात ठेवा.

स्विच उघडला. तांब्याच्या तीन ठिपक्यांपैकी एकावर मोहरीएवढा काळा खड्डा, भोवतीचं प्लास्टिक पिवळं पडून किंचित फुगलेलं, आणि जुन्या ग्रीसची मेणासारखी साय. आधी कॉन्टॅक्ट क्लीनर, मग १००० नंबरचा पॉलिशपेपर अगदी हलक्या हाताने, शेवटी व्हॅसलीनचा पातळ हात. स्प्रिंग जरा ताणून घेतली. काचेच्या फ्यूजचा होल्डर काढून ब्लेड फ्यूजचा बसवला. आता स्विचवर ०.३५, फ्यूजवर ०.१, किल स्विचवर ०.२. सीडीआयला सेल्फ मारताना ९.७ मिळतात आणि थंड इंजिनही दीड सेकंदात धरतं.

नवा स्विच पुण्याच्या नाना पेठेत मिळतो, पण पाहिलेल्या लोकल सेटमध्ये कॉन्टॅक्टची पट्टी फारच पातळ आहे. शिवाय टाकीचं झाकण आणि साइड पॅनेलची कुलपंही बदलावी लागतात. त्यापेक्षा जुना दुरुस्त केलेला बरा.

पुढचा बेत सीडीआयला वेगळ्या रिलेने फीड द्यायचा होता. हे लिहिता लिहिताच तो रद्द. तो रिले रस्त्यात गेला तर सेल्फही नाही आणि किकही नाही. त्याऐवजी जड लोडच या वाटेवरून हटवावा. बटणाकडून सेल्फच्या रिलेला जाणारी वायर आता ४ पिनी छोट्या रिलेच्या ८६ ला, ८५ अर्थला, ३० ला बॅटरीवरून ७.५ अँपिअर फ्यूजमधून फीड, ८७ सेल्फ रिलेच्या कॉइलला. या छोट्या रिलेची कॉइल दीड-दोनशे मिलिअँपिअरच ओढते, क्लच आणि न्यूट्रलचा इंटरलॉक (गाडी गिअरमध्ये असताना क्लच दाबल्याशिवाय सेल्फ न लागू देणारा) बटणाच्या आधी असल्याने तसाच राहतो, आणि रिले गेलाच तर किक शाबूत. बटणाचे कॉन्टॅक्टही जास्त टिकतील.

रिले आणि होल्डर तपकीर गल्लीतून आणायचे, वायर १.५ चौरस मिलिमीटर. टोकं क्रिंप करायची (टर्मिनलमध्ये दाबून बसवायची), सोल्डर नाही: सोल्डर वायरमध्ये जिथवर चढतो तिथे ती ताठ होते आणि कंपनाने नेमकी तिथेच तुटते. साधी पक्कड वापरून दाबलेलं क्रिंप महिनाभरात सैल होतं, रॅचेटचा क्रिंपर घ्याच.

किल स्विचचे ०.२ अजून खुपतात. रिलेबरोबर तोही उघडणार.