पट्टी बंद कर

बुद्धिबळाचे सामने हल्ली क्रिकेटसारखे बघता येतात. घोडा अडीच घरं चालतो, एवढ्या भांडवलावर माझ्यासारखा माणूसही सोफ्यावर पाय पसरून जगज्जेत्याच्या चुका काढतो. ही सगळी पटाशेजारच्या उभ्या पट्टीची कृपा. मागे इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा संगणकी प्रोग्राम, हिशेब करत असतं आणि कोणाचं पारडं जड, ते पट्टीतला पांढरा-काळा रंग सांगतो. 12 डिसेंबर 2024 ला सिंगापूरला जगज्जेतेपदाच्या लढतीत, शेवटच्या डावात, पांढरी मोहरी घेऊन खेळणाऱ्या तेव्हाच्या जगज्जेत्या डिंग लिरेननं 55वी चाल हत्तीची केली आणि पट्टी एकदम काळी झाली. "गेला!" आम्ही घरात ओरडलो. समोर बसलेल्या गुकेशला मात्र ती चूक लगेच दिसली नव्हती. त्यानंच नंतर तसं सांगितलं. त्याच्याकडे पट्टी कुठे होती!

गंमत म्हणजे, हाच गुकेश बाराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला, तोपर्यंत त्याचे प्रशिक्षक विष्णू प्रसन्ना यांनी त्याला इंजिनापासून लांबच ठेवलं होतं. डीप ब्लू या संगणकानं जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवलं 1997 मध्ये. आज खिशातला फोनही जगज्जेत्याला लोळवतो. अशा काळात हे म्हणजे सोवळंच की!

माझ्या भाच्याच्या सरांनी तेच सोवळं घरी आणलंय. डाव संपला की आधी वहीत लिहायचं, ही चाल का केली, तेव्हा काय दिसत होतं. मग इंजिन. भाचा वैतागलेला. "मामा, दोन सेकंदांत कळतं, तर लिहायचं कशाला?"

मी काय सांगणार? कढीला बेसन किती लावायचं, हे मी दर वेळी फोनला विचारतो. दर वेळी कळतं. पुढच्या वेळी पुन्हा विचारतो.

परवा ती वही चाळली. पहिल्या पानांवर "घोडा बरा वाटला", "असंच", "सर, वेळ नव्हता" असा मजकूर. पुढे अक्षर तितकंच वाईट, पण ओळी वाढलेल्या. "त्याचा उंट माझ्या हत्तीवर येतोय. मध्ये प्यादं आहे म्हणून वाचलो. पण ते प्यादं त्याचंच आहे! त्यानं ते पुढे ढकललं तर?" खाली दोन चाली लिहून खोडलेल्या, तिसरीखाली दोन रेघा. त्याखाली लाल पेनानं इंजिनाचं मत, भलतीच चाल. आणि शेजारी भाच्याचा शेरा: "पटत नाही. उद्या सरांशी भांडणार."