कांद्याची गोणी आणि प्रोटॉन

सोलापूरच्या मार्केट यार्डातली काटापट्टी घ्या. गोणी ५२.६ किलो, बारदान ६०० ग्रॅम, निव्वळ कांदा ५२ किलो. हे वजन प्रोटॉनच्या वस्तुमानात सांगायचं तर नुसता भागाकार आहे. तरी उत्तरं हमखास चुकतात, आणि चूक बहुतेक वेळा घातांकात असते.

लागणारे आकडे तीनच. प्रोटॉन १.६७२६२ × १०^−२७ किलो, इलेक्ट्रॉन ९.१०९३८ × १०^−३१ किलो, आणि अणुवस्तुमान एकक, म्हणजे कार्बन-१२ च्या अणूचा बारावा हिस्सा, १.६६०५४ × १०^−२७ किलो.

आधी आकडे भागा, घातांक बाजूला ठेवा. ५२ ÷ १.६७२६२ = ३१.०९. भाजकातला −२७ वर आला की +२७ होतो. म्हणजे ३१.०९ × १०^२७, नीट मांडलं तर ३.१०९ × १०^२८ प्रोटॉन. हाच हिशेब इलेक्ट्रॉनचा केला तर ५.७०८ × १०^३१. दोन्ही उत्तरांचा भागाकार १८३६ च्या आसपास यायलाच हवा, कारण प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या तेवढ्या पट जड. नाही आला तर पुन्हा बसा.

कॅल्क्युलेटरवर ५२ ÷ १.६७२६२ × १० ^ −२७ असं सरळ दाबलं की तो आधी भागतो आणि मग १०^−२७ ने गुणतो. उत्तर ३.१०९ × १०^−२६! गोणीत एक प्रोटॉनसुद्धा मावेना. कंस घाला, नाहीतर घातांकाचं खास बटण वापरा. पण ते बटण दाबण्याआधी वेगळं '× १०' दाबू नका, दहापट फरक पडतो. एक्सेलमध्ये वेगळीच गंमत. सेल दोन दशांशांच्या नंबर फॉरमॅटमध्ये असेल तर प्रोटॉनचं वस्तुमान चक्क ०.०० दिसतं. आकडा आत शाबूत असतो. फॉरमॅट सायंटिफिक करा.

मोठ्या एककांतही घोळ आहेच. क्विंटल १०० किलो, मेट्रिक टन १००० किलो, इथवर ठीक. पण अमेरिकी टन ९०७.१८५ किलोचा आणि जुना ब्रिटिश टन १०१६.०५ किलोचा. मण तर सरकारी जुन्या मापाने ३७.३२ किलो, आणि बोलताना लोक सर्रास ४० धरतात. म्हणून आधी किलो करून घ्यावेत, मगच कणांकडे जावं. काटा १०० ग्रॅमपर्यंतच दाखवत असेल तर उत्तरही तीन अंकीच लिहावं, ३.११ × १०^२८. त्यापुढचे दशांश म्हणजे निव्वळ शोभा.

आता हे ३.११ × १०^२८ प्रोटॉन गोणीत खरोखर आहेत का? नाहीत. तेवढ्या प्रोटॉनांइतकं वजन आहे, एवढंच. कांदा बहुतांशी पाणी. सगळं पाणीच धरलं तर एका रेणूत १० प्रोटॉन, ८ न्यूट्रॉन, १० इलेक्ट्रॉन. त्या हिशेबाने ५२ किलोत प्रोटॉन १.७४ × १०^२८ आणि न्यूट्रॉन १.३९ × १०^२८. इलेक्ट्रॉनही प्रोटॉनांइतकेच, पण त्या सगळ्यांचं मिळून वजन जेमतेम १६ ग्रॅम. बारदानापोटी कापले त्या ६०० ग्रॅमपुढे ते काहीच नाही.