घरात चालतोय, उन्हात बंद

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत कॅमेरा दुरुस्तीला बसलं की तक्रारी ठरलेल्या असतात. पडला, भिजला, बॅटरी फुगली, पोरानं बटण उचकटलं. त्यामुळे सेनापती कापशीहून आलेला तो पोरगा काउंटरवर कॅमेरा ठेवून जे बोलला, ते ऐकून मी हातातलं काम बाजूला सारलं.

"काका, ह्यो घरात चालतोय. उन्हात न्हेला की बंद पडतोय."

"तापतोय काय?"

"न्हाई वो. थंडीत पण तसंच. अंगणात धरून बटण दाबलं की अडकतोय आणि लिहून येतंय, लेन्सचे कॉन्टॅक्ट साफ करा. केले की साफ. खोडरबरानं घासले."

खोडरबराचा सल्ला नेमका कोण देतं कळत नाही. त्याचा भुगा आत जातो आणि कॉन्टॅक्टवरचा, म्हणजे लेन्स आणि कॅमेरा जोडणाऱ्या धातूच्या ठिपक्यांवरचा, सोन्याचा मुलामा उडतो. सुती कापडाला थेंबभर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलं की पुरतं. असो.

पोराच्या घरचा धंदा कोल्हापुरी चपलांचा. २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला झळकल्या, गदारोळ झाला, तेव्हापासून ह्यांच्याकडे फोनवर विचारणा वाढली होती. गिऱ्हाईक पहिल्यांदा फोटो मागतं. म्हणून ह्यानं वापरलेली बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, घेतली, सोबत आलेली १८-५५ किट लेन्स. ही स्वस्तातली झूम, अठरावर जास्त जागा मावते, पंचावन्नवर लांबचं जवळ दिसतं. आधी एका दुकानात दाखवून आला होता. तिथं बॉडीचा बोर्ड गेलाय म्हणून सात हजार सांगितलेले. ह्याच्या खिशात चार हजार, आणि ते बहुतेक चामड्याला ठेवलेले असावेत, कारण नोटा दोनदा मोजूनही त्यानं काउंटरवर ठेवल्या नाहीत.

मी माझ्याकडची चांगली लेन्स त्याच्या बॉडीवर चढवली आणि दुकानाबाहेर भर उन्हात उभा राहिलो. खटाखट फोटो निघाले. म्हणजे बोर्डाला काही झालेलं नव्हतं. मग त्याची लेन्स माझ्या जुन्या बॉडीवर लावली. अॅपर्चर, म्हणजे उजेड आत येतो ते पात्यांचं भोक, एफ ३.५ वर, पूर्ण उघडं ठेवून दाबलं, फोटो आला. एफ ८ केलं, म्हणजे भोक लहान, दाबलं, अडकलं. पुन्हा ३.५, आला. पुन्हा ८, अडकलं. दुकानाच्या सावलीत बसून, ऊन न दाखवता, त्याचं दुखणं मी हवं तेव्हा आणू शकत होतो.

गोम अशी. फोटो निघेपर्यंत लेन्समधली पाती पूर्ण उघडी असतात, म्हणून आपल्याला आतून उजळ दिसतं. बटण दाबलं की त्या क्षणापुरती ती ठरलेल्या मापाला मिटतात. घरातल्या अंधारात कॅमेरा ऑटोवर असला की तो अॅपर्चर सगळं उघडंच ठेवतो, पात्यांना हलायचं कामच पडत नाही. उन्हात उजेड जास्त, कॅमेरा पाती मिटायला सांगतो, आणि ह्या लेन्सची पाती ऐकत नव्हती. बॉडीला उत्तर मिळेना, म्हणून तो संदेश. कॉन्टॅक्टचा ह्यात काही संबंध नाही.

माझ्या बॉडीला लेन्सच्या बुडाशी एक छोटं बटण आहे, ते दाबलं की फोटो न काढता पाती मिटून दाखवतात. पोराला समोरून काचेत बघायला लावलं. चांगल्या लेन्समध्ये पाती झर्रकन मिटली, मधे छोटं भोक उरलं. त्याच्या लेन्समध्ये काहीच नाही.

"आयला," एवढंच म्हणाला.

पात्यांच्या मोटरला वीज नेणारी एक पातळ फ्लेक्स पट्टी असते. झूम फिरवला की ती दर वेळी दुमडते आणि उलगडते. ह्या स्वस्त किट लेन्समध्ये तीच आधी तुटते. पट्टी महाग नाही, पण तिथपर्यंत पोचायला अर्धी लेन्स उलगडायची, बारीक सोल्डरचा डाग द्यायचा आणि काचा पुन्हा होत्या त्या जागी बसवायच्या. मजुरी धरली की वापरलेल्या लेन्सच्या किमतीच्या जवळ जातो आकडा. मी स्वतः दुरुस्तीवर पोट भरतो, तरी त्याला सांगितलं, ह्याच्यात पैसे घालू नको.

"मग ५० एमएम घेऊ काय? यूट्यूबवर सगळी तेच सांगत्यात."

सगळी सांगतात खरं. एफ १.८ ची ५०, झूम नसलेली, छानच लेन्स आहे, पण नवी त्याच्या बजेटच्या दुपटीच्या पुढं. वापरलेली मिळाली असती, ओढाताण करून. मी म्हटलं, आधी कार्ड दे. फोटो झूमच्या कोणत्या आकड्यावर काढलाय हे कॅमेरा प्रत्येक फोटोसोबत लिहून ठेवतो, आणि गिऱ्हाईक काय म्हणतंय त्यापेक्षा माझा त्या आकड्यावर जास्त विश्वास आहे. चपलांचे फोटो पस्तीस ते पंचावन्नच्या दरम्यान. पण वडील रापीनं चामडं कापताना, आई चपलेची चामड्याची वेणी घालताना, शेडमध्ये मांडलेले जोड, हे सगळे अठरा-वीसवर. शेड दहा बाय बाराची. त्याच्या बॉडीचा सेन्सर लहान, त्यावर ५० लावली की ती ८० सारखी वागते, म्हणजे फोटोत जागा आणखी कमी मावते. भिंतीला पाठ टेकवून उभा राहिला असता तरी वडिलांचे हात आले असते नाहीतर डोकं. आणि लोक चपलेइतकेच ते हातांचे फोटो बघून ऑर्डर देतात, हे त्यानंच मला सांगितलेलं.

म्हणजे परत १८-५५ च. हे ऐकून त्याचं तोंड जरा उतरलं.

माझ्याकडे दोन होत्या. एक मी विकत नाही, दाखवायला ठेवलीय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट असताना पाणी ५५ च्या पुढं गेलं, शाहूपुरी-लक्ष्मीपुरी बुडाली, तेव्हाची ती लेन्स. वरून पुसून चकाचक. मी त्याला तीन जागा दाखवल्या. माउंटच्या, म्हणजे लेन्स बॉडीवर बसते त्या भागाच्या, स्क्रूभोवती तपकिरी कडं. झूमच्या रबराच्या खाचांत अजून बसलेला पिठासारखा गाळ. आणि मागून टॉर्च मारला की आतल्या काचेच्या कडेला बुरशीचे बारीक धागे. अशा लेन्सा पुराच्या दुसऱ्या वर्षीही जाहिरातीत फिरत होत्या, "फक्त घरगुती वापर" म्हणून. कोल्हापुरात जुना माल घेताना खिशात टॉर्च पाहिजेच.

दुसरी स्वच्छ होती. भिंतीला "पुढारी"चं पान चिकटवलेलं आहे माझ्याकडे, त्याचा फोटो अठरावर आणि पंचावन्नवर काढून चारी कोपरे मोठे करून बघितले. लेन्स पडलेली असेल तर एका बाजूची अक्षरं विरघळल्यासारखी दिसतात. इथं सगळी वाचता येत होती, अगदी निविदा सूचनासुद्धा. किंमत बत्तीसशे सांगितली. तो अठ्ठावीस म्हणाला. तीन हजारला बसलं.

तो बाहेर रस्त्यावर गेला, अॅपर्चर आठ, अकरा, सोळा करत केएमटीच्या बसचे फोटो काढत राहिला. परत आला तो दोन प्रश्न घेऊन.

"जुनीचं काय करू?"

टाकू नको म्हटलं. रिव्हर्स रिंग मिळते, पुढच्या बाजूला लावून लेन्स उलटी बसवायची. मग कॅमेऱ्याचं आणि तिचं बोलणंच होत नाही, पाती उघडी राहिली तरी बिघडत नाही. वेणीतला एकेक पदर पडद्याएवढा दिसेल. फोकस केसाएवढ्याच जागेत राहतो, त्यामुळे स्टँड लागेल, आणि फोकसला कॅमेरा पुढं-मागं सरकवायला लागेल. त्यानं रिंगचं नाव फोनमध्ये लिहून घेतलं.

"आणि सात हजार सांगितलेल्यास्नी जाऊन इचारू काय आता?"

"इचारून काय करणार?"

"काय न्हाई. नुसतं उन्हात फोटो काढून दाखवणार."

मी कागलची एसटी किती वाजता आहे ते विचारलं. तो घड्याळाकडं बघून पिशवी उचलून निघाला, पण स्टँडच्या दिशेनं नाही.