दोराचं दुसरं टोक

आपल्या शाळेत दिवाळीच्या सुट्टीआधी एक पालकसभा व्हायची. निकालाची नव्हे, डोंगराची. आठवी-नववीची मुलं थंडीत माहुलीला जायची, त्याआधी भूगोलाचे सर आईवडिलांना चित्रकलेच्या वर्गात बसवून फळ्यावर यादी लिहीत. घसाऱ्यावर पाय सरकणं. आग्या मोहोळ. उन्हानं चक्कर. वाट चुकणं. साप. वरच्या माणसाच्या पायानं सुटलेला दगड. प्रत्येकासमोर आपण काय काळजी घेणार ते लिहायचं, आणि शेवटी म्हणायचं, "एवढं करूनही धोका उरतो. तो मान्य असेल तरच सही करा."

बऱ्याच पालकांना हे खटकायचं. माझे बाबा घरी येऊन आईला म्हणाले, "हे गृहस्थ मुलांना न्यायला निघालेत की आपल्याला घाबरवायला?" पण त्याच रात्री त्यांनी सही केली. जो माणूस काय बिघडू शकतं ते आधी सांगतो, त्याच्याकडे पोर सोपवायला हरकत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

आता मी स्वतः मुलांना डोंगरात नेते, म्हणून शिबिरांची माहितीपत्रकं हाती येतात. पहिल्या पानावर 'शंभर टक्के सुरक्षित', आणि मागच्या हमीपत्रात 'कोणत्याही दुर्घटनेस आयोजक जबाबदार राहणार नाहीत'. दोन्ही एकाच कागदावर! मला याचा मनापासून राग येतो. सरांच्या कागदावर यातलं एकही वाक्य नव्हतं. धोका आहे हे त्यांनी लेखी कबूल केलं होतं आणि जबाबदारी स्वतःकडे ठेवली होती.

पाऊस सरला की रविवारी सकाळच्या लोकलनं आम्ही मुंब्र्याला जायचो. स्टेशनच्या वर जो डोंगर दिसतो, तिथल्या कातळावर. तिथे सरांनी आम्हाला आधी चढायला शिकवलंच नाही, आधी बिले शिकवला, म्हणजे चढणाऱ्याला खालून दोरानं सांभाळणं. स्वतःला अँकरला, म्हणजे पक्क्या आधाराला, बांधून घ्यायचं, चढणाऱ्याचा दोर लागेल तसा ओढायचा-सोडायचा, आणि ब्रेकचा, म्हणजे दोर रोखून धरणारा हात काही झालं तरी सुटू द्यायचा नाही. सरावासाठी वाळूनं भरलेलं पोतं दोराला बांधून वरून अचानक सोडत. ते आपण धरायचं. हातमोज्यातूनही तळवे भाजायचे. पोतं जमिनीला टेकलं की सर शांतपणे म्हणत, "हा तुमच्या वर्गातला होता." त्यावर कुणी हसल्याचं मला आठवत नाही.

मग कधीतरी खरा कातळ. "बिले ऑन?" "ऑन बिले!" "क्लाइंबिंग!" घरी ज्या वयात मला एकटीला गॅस पेटवू देत नव्हते, त्या वयात माझ्या हातात वर्गातल्या एका मुलाचा जीव होता. माझ्या मागे दोन पावलांवर सर किंवा एखादा जुना विद्यार्थी दोराचं शेपूट धरून बसलेला असे, आणि ते आमच्यापासून लपवलेलं नव्हतं. तरीही चढणारा वळून बघायचा तो माझ्याकडे. ती नजर मी विसरू शकलेले नाही. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात जबाबदारीवर धडा होताच, पण अंगात भिनली ती तिथे.

आमच्यातली जी मुलं झपझप चढायची, त्यांचं सर फारसं कौतुक करत नसत. बिले नीट देणाऱ्याचं करत. तेव्हा मला याचं नवल वाटायचं.

माझ्या बाकावरची मैत्रीण रॅपलिंगच्या, म्हणजे दोरावरून कडा उतरायच्या वेळी काठाशी गेली आणि म्हणाली, "मी नाही उतरणार." मुलं लगेच ओरडायला लागली, "घाबरली, घाबरली!" सरांनी सगळं थांबवलं. तिची समजूत काढायला ते गेलेच नाहीत. ओरडणाऱ्यांना त्यांनी बाजूला बसवलं आणि सांगितलं, "कड्याच्या टोकाशी जाऊन नाही म्हणायला काय लागतं हे तुम्हाला कळत नाही, तोवर तुम्ही दोराला हात लावायचा नाही." मैत्रिणीला त्यांनी हार्नेस (कमरेला बांधायचे पट्टे) आणि गाठी तपासायचं काम दिलं. दहावीपर्यंत ती एकदाही कड्यावरून उतरली नाही. पण तिच्या हाताखालून गेल्याशिवाय कुणीही काठाकडे पाऊल टाकत नसे. एकदा खुद्द सरांच्या कॅराबिनरचा, म्हणजे दोर अडकवायच्या कडीचा स्क्रू पूर्ण फिरलेला नव्हता, तर तिनं त्यांनाही अडवलं. सर थांबले, स्क्रू बंद केला, "थँक्यू" म्हणाले आणि मग उतरले. चौदा वर्षांची मुलगी शिक्षकाला थांबवते आणि शिक्षक थांबतात, हे दृश्य मला त्या काळातल्या इतर कुठल्याच तासाला दिसलं नाही.

भीती वेगळी आणि धोका वेगळा, हेही तिथेच शिकले. रॅपलिंगला पोटात गोळा येतो, पण तिथे अँकर दोन, उतरायचा दोर वेगळा आणि वरून बिलेचा दोर वेगळा. ठाण्याजवळच्या येऊरचा नाला मात्र घोट्याइतका असतो, बघून आनंद होतो, आणि माणसं मरतात ती अशाच पाण्यात. सर आम्हाला भर पावसाळ्यात येऊरला नेत, पण पाण्यात उतरू देत नसत. काठावर उभं करून बघायला लावत. पाणी गढूळ होतंय का? पाला-काटक्या जास्त वाहून येताहेत का? वरच्या अंगाला आवाज बदलला का? यातलं एक जरी झालं तर दप्तर, चपला सगळं टाकून वर पळायचं. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी डोंगरमाथ्यावर पाऊस कोसळत असू शकतो.

जून २०१४ मध्ये हिमाचलात बियास नदीच्या पात्रात हैदराबादचे २४ अभियांत्रिकीचे विद्यार्थी वाहून गेले. ती मुलं कुठलंही साहस करत नव्हती, खडकांवर उभी राहून फोटो काढत होती. वरच्या लारजी धरणातून पाणी सोडलं गेलं. ऑगस्ट २०१९ मध्ये आपल्या शेजारी खारघरच्या डोंगरात कॉलेजच्या मुली अशाच वाहून गेल्या. त्या दिवशी मी दिवसभर एकच विचार करत होते, त्यांना कुणी काठावर उभं करून पाणी बघायला शिकवलं असतं तर.

या शिक्षणाचा उगम कुठला, हे मला उत्तरकाशीला नेहरू गिर्यारोहण संस्थेत बेसिक कोर्स करताना समजलं. कुर्ट हान हे जर्मन शिक्षक. हिटलरविरुद्ध बोलले म्हणून १९३३ मध्ये तुरुंगात गेले, सुटल्यावर ब्रिटनला आले. महायुद्धात बोटी बुडत होत्या, आणि तरुण खलाशांपाशी तग धरायचा निर्धार कमी पडतो अशी लॉरेन्स होल्ट या जहाजमालकाला चिंता होती. त्यातून दोघांनी १९४१ मध्ये वेल्समधल्या अबरडोवीला 'आउटवर्ड बाउंड' सुरू केलं. हान यांनी मुलांना बचावकार्य शिकवण्यावर भर दिला. दुसऱ्याला वाचवण्याची ताकद यावी म्हणून डोंगर आणि समुद्र. लोणावळ्याच्या 'शिवदुर्ग मित्र'ची मुलं रात्री-अपरात्री दरीत उतरून अनोळखी माणसाला वर आणतात, तेव्हा मला हान यांचंच म्हणणं दिसतं.

पण त्याच ब्रिटनमध्ये मार्च १९९३ मध्ये लाइम बे इथे कनू, म्हणजे छोटी वल्ह्यांची होडी, चालवताना चार शाळकरी मुलांचा मृत्यू झाला. त्या केंद्रातल्या प्रशिक्षकांनी आधीच लेखी इशारा दिला होता, तो मालकानं मनावर घेतला नव्हता. मालकाला शिक्षा झाली आणि १९९५ मध्ये अशा केंद्रांसाठी परवान्याचा कायदा आला. आपल्या राज्यातही २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानं आयोजकांना नोंदणी सक्तीची केली. ते हवंच होतं. मात्र नोंदणीच्या कागदाला माझ्या त्या मैत्रिणीसारखं "थांबा" म्हणता येत नाही. ते म्हणणारं मूल आणि ते ऐकणारा मोठा माणूस, दोघंही घडवावे लागतात.

सर निवृत्त झाले आणि शाळेचं डोंगर-मंडळ बंद पडलं. आता सहल रिसॉर्टला जाते. तिथे मुलांना कुणीतरी हार्नेस चढवतं, कुणीतरी झिपलाइनवर ढकलतं, दुसऱ्या टोकाला कुणीतरी उतरवून घेतं. मुलं खूश असतात, त्यांच्या आनंदाला नावं ठेवणार नाही. पण त्या सगळ्या वेळात त्यांना एकही निर्णय घ्यावा लागत नाही आणि त्यांच्या हातात कुणीही नसतं. मला याचं दुःख होतं.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी निधीतून नवी कमान बांधावी असं काहींचं मत आहे. माझी विनंती अशी, की त्यातला थोडा भाग डोंगर-मंडळासाठी ठेवावा. दोर, हेल्मेट, हार्नेस, आणि प्रत्येक दोराची एक वही, ज्यात तो कधी वापरला, कुणी वापरला, त्यावर कुणी पडलं का, हे लिहिलं जाईल. कपाटात नुसता पडून राहिलेला दोरही दहा वर्षांनी बाद करायचा असतो, म्हणून नव्या दोराचे पैसे आत्ताच बाजूला काढावे लागतील. शिकवायला बाहेरचं कुणी नको. माझ्या वर्गातले आणि पुढच्या तुकड्यांतले काही जण रीतसर कोर्स केलेले आहेत, रविवार द्यायला तयार आहेत, मानधन घेणार नाहीत. नववीच्या वर्गशिक्षकांनी यायला तयार असलेल्या मुलांची नावं कळवावीत. ऑक्टोबरात पाऊस ओसरला की वाळूच्या पोत्यापासून सुरुवात करता येईल.